शून्याचा सोस

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कोणाशी? तर आमच्या छंदातल्या शून्यवाद्यांशी.

हे तत्त्वज्ञानातले शून्यवादी नव्हेत. घरात खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणारे, चांगले शिकलेसवरलेले लोक आहेत. पण भेटले की "कसा आहेस?" च्या आधी "फॉस्फेट किती?" असं विचारतात. आपण "पॉइंट झीरो आठ" म्हटलं की चेहरा असा करतात, जणू आपल्या घरी कोणीतरी अंथरुणाला खिळलंय. मग खांद्यावर हात ठेवून सल्ला येतो, "अरे, रिॲक्टर लाव. जीएफओ भर. शून्यावर आण आधी."

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटत नाही त्यांना लगेच बाह्या सरसावता येतील. प्रवाळाच्या टाकीत फॉस्फेट शून्यावर आणणं हे ध्येयच चुकीचं आहे. आणि ते गाठण्यासाठी फॉस्फेट शोषणारा मीडिया बारा महिने चालवणं म्हणजे गोठा स्वच्छ राहावा म्हणून गाईला वैरणच न घालणं. हा मीडिया औषध आहे. औषधाचा रतीब लावायचा नसतो.

आता नातेवाईक मंडळींसाठी थोडी प्रस्तावना. (छंदवाल्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे गेलं तरी चालेल.)

इथे न्यू जर्सीत आमच्या बैठकीच्या खोलीत जी काचेची पेटी आहे, ती साधारण ८० गॅलनची, म्हणजे सुमारे ३०० लिटरची. आत सच्छिद्र खडक, सात मासे आणि प्रवाळं. आत्याला वाटतं तसं हे अंगठीतलं पोवळं नव्हे. ते खोल, अंधाऱ्या पाण्यातलं वेगळ्या जातीचं. आमच्याकडचं प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या मांसात एकपेशीय शेवाळ राहतं. शेवाळ उजेडावर साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी घरमालकाला देतं. घरमालक त्याला निवारा देतो आणि स्वतःच्या पचनातून उरलेलं नत्र-स्फुरद देतो. या साखरेच्या जिवावर प्रवाळ चुन्याचा सांगाडा रचतं. असा संसार आहे तो, दोघांचा.

फॉस्फेट म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, शेतकऱ्यांच्या भाषेतलं स्फुरद. नत्र-स्फुरद-पालाश मधलं मधलं. पेशीच्या पडद्यात ते आहे, डीएनएमध्ये ते आहे, शरीरात ऊर्जेची ने-आण करणाऱ्या रेणूतही तेच आहे. स्फुरदावाचून जगणारा जीव पृथ्वीवर नाही. इथले कित्येक पाणीपुरवठेवाले तर नळाच्या पाण्यात मुद्दाम फॉस्फेट घालतात, कारण त्याचा थर जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरू देत नाही. २०१४ साली मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने पाण्याचा स्रोत बदलला आणि गंज रोखणारं रसायन घातलंच नाही, तेव्हा लोकांच्या नळांतून शिसं आलं. तर फॉस्फेट म्हणजे विष ही समजूत आधी डोक्यातून काढा. (टाकीत मात्र असलं नळाचं पाणी थेट घालायचं नसतं. ते आरओ करूनच वापरायचं. हे ओघाने आलंच.)

आता हा मीडिया. टीव्हीवरचा नव्हे! जीएफओ म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचे तपकिरी दाणे, थोडक्यात चांगल्या प्रतीचा गंज. एका उभ्या नळकांड्यात ते भरायचे आणि खालून हळूहळू पाणी सोडायचं. दाण्यांच्या पृष्ठभागावर जे हायड्रॉक्सिल बसलेले असतात त्यांना उठवून फॉस्फेट त्यांच्या जागी जाऊन बसतं आणि सहसा उठत नाही. हे दाणे मुळात आमच्यासाठी बनलेच नव्हते. १९९० च्या दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात लोह-हायड्रॉक्साइडच्या दाण्यांवर काम झालं ते पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक काढण्यासाठी. आर्सेनेट आणि फॉस्फेट हे रसायनशास्त्रात सख्खे भाऊ शोभावेत असे सारखे. म्हणून जे एकाला धरतं ते दुसऱ्यालाही धरतं. आमच्या छंदवाल्यांनी हे हेरलं आणि दाणे टाकीवर आले.

पण खरं सांगू का, हे कोकणातल्या माणसाला बर्लिनने शिकवायची गरज नाही. माझ्या रत्नागिरीकडच्या काकांना विचारा. जांभ्या मातीत लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं ठासून भरलेली. धो धो पावसाने धुऊन माती आम्ल झालेली. तिथे कलमांना सुपर फॉस्फेट घातलं की त्यातलं बरंचसं माती गिळून बसते आणि झाडाच्या वाट्याला थोडंच येतं. मग स्फुरद विरघळवणारे जिवाणू आणा, शेणखतात मिसळून द्या, मुळाशी द्या, असे नाना उपाय. म्हणजे गंमत बघा. काका पैसे मोजून मातीत स्फुरद घालतात आणि माती ते सोडत नाही म्हणून हैराण होतात. आम्ही पैसे मोजून तसलीच तांबडी माती नळकांड्यात भरतो, का तर तिने स्फुरद गिळावं म्हणून! दोघांच्याही समोर रसायन एकच आहे. फरक इतकाच, की काकांना पक्कं माहीत आहे की स्फुरद मिळालं नाही तर झाड मरतं. आमचे शून्यवादी नेमकं तेच विसरलेत.

आता त्यांची बाजूही नीट मांडतो. समोरच्याचं म्हणणं अर्धं सांगून त्याला हरवण्यात काही अर्थ नाही.

ते म्हणतात, एक : फॉस्फेट वाढलं की नको असलेलं शेवाळ माजतं आणि प्रवाळावर चढतं. दोन : फॉस्फेट चुन्याच्या स्फटिकावर चिकटून त्याची वाढ रोखतं, म्हणून सांगाडा नीट होत नाही. तीन : खऱ्या समुद्रात प्रवाळबेटांभोवती पृष्ठभागाच्या पाण्यात फॉस्फेट जवळजवळ नसतंच. पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅमच्या) शंभराव्या भागात मोजावं लागतं. मग टाकीत का असावं?

तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. दुसऱ्या मुद्द्याला तर भक्कम आधार आहे. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या वन ट्री आयलंडला किन्सी आणि डेव्हिस या दोघांनी एका छोट्या प्रवाळखंडावर कित्येक महिने नत्र आणि स्फुरद सोडून पाहिलं. १९७९ साली त्यांनी निष्कर्ष छापला, चुना रचण्याचा वेग निम्म्याहून खाली आला होता. शून्यवाद्यांचं हे ब्रह्मास्त्र.

पण ब्रह्मास्त्राचा आकडा कोणी पाहतं का? त्यांनी फॉस्फेट ठेवलं होतं २ मायक्रोमोलच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशोबात सुमारे ०.१९ पीपीएम, आणि सोबत त्याच्या दसपट नत्र. माझ्या ०.०८ ला नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणि पुढच्या प्रयोगांनी चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं. त्याच वन ट्री आयलंडला १९९० च्या दशकात मोठा प्रयोग झाला, 'एन्कोर' नावाचा. २०१२ साली ॲक्रोपोरा जातीच्या प्रवाळावरचं आणखी एक संशोधन आलं. फॉस्फेट वाढवल्यावर प्रवाळ लांबीला जास्त वाढलं, पण सांगाडा कमी घट्ट झाला, असं त्यांत दिसलं. म्हणजे जास्त फॉस्फेट चांगलं नाही, हे मान्य. ठिसूळ सांगाडा कोणाला हवाय? पण 'जास्त वाईट' यावरून 'शून्य उत्तम' हे कुठून आलं? जास्त मीठ वाईट म्हणून आळणी आमटी कोणी रोज जेवतं का?

आणि शून्याचं काय होतं यावरही आता बरंच काम झालंय, ते मात्र सांगितलं जात नाही. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या प्रवाळ प्रयोगशाळेतल्या वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं, की पाण्यात नत्र भरपूर आणि स्फुरद नाही अशी स्थिती आली तर प्रवाळातलं शेवाळ उपाशी पडतं. पेशीच्या पडद्यात फॉस्फरस असलेली स्निग्धद्रव्यं लागतात. ती मिळेनात की शेवाळ त्यांच्या जागी गंधक असलेली वापरतं. संसार चालतो, पण अंगावर निभावण्यापुरताच. जरा उजेड वाढला, जरा पाणी तापलं, की तो कोसळतो आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०१७ साली त्याच गटाने आणखी एक गोष्ट समोर आणली. नत्र जास्त असण्यापेक्षा स्फुरदाचा तुटवडा प्रवाळाला जास्त घातक ठरतो.

आता आपल्या टाक्यांकडे पाहा. आपण माशांना खायला घालतो, त्यातून नत्रही येतं आणि स्फुरदही. जीएफओ फक्त स्फुरद काढतो. नत्राला तो हात लावत नाही. म्हणजे नत्र भरपूर, स्फुरद गायब, ही प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केलेली घातक स्थिती आपण घरी पैसे देऊन आणतो. वर एलईडीचा झगझगीत उजेड असतोच.

"समुद्रात नसतंच" या मुद्द्याबद्दलही थोडं. समुद्रातल्या पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट कमी असतं हे खरं, पण प्रवाळ फक्त पाणी पिऊन राहत नाही. दिवसरात्र लाटांबरोबर बारीक प्लवक येतं, शेकडो मासे वरून हगतात-मुततात (क्षमस्व, पण तेच खरं खत आहे), सगळं हातोहात उचललं जातं. हिंदी महासागरातल्या छागोस बेटांवर २०१८ साली झालेल्या अभ्यासात दिसलं, की ज्या बेटांवर उंदीर नाहीत आणि समुद्रपक्षी टिकून आहेत तिथल्या शेजारच्या प्रवाळांवर माशांचं एकूण वजन जवळजवळ दीडपट आहे. कारण पक्ष्यांची विष्ठा. पाणी रिकामं दिसतं, कारण ताट वाढताक्षणी फस्त होतं. आपल्या टाकीत ना प्लवक ना पक्षी. तिथे रिकामं पाणी म्हणजे रिकामं ताटच. आणि सगळी प्रवाळं काही निळ्याशार आरशासारख्या पाण्यातही राहत नाहीत. आपल्या मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास चांगल्या गढूळ पाण्यात प्रवाळं आहेत.

बरं, ते शून्य तरी खरं असतं का? इथे मला सगळ्यात जास्त हसू येतं. आमच्यात लोकप्रिय असलेलं हातातलं छोटं मोजयंत्र फॉस्फरस मोजतं, पीपीबीमध्ये, आणि त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून फॉस्फेट काढायचं. बनवणारेच सांगतात की अचूकता ± ५ पीपीबी, वर मापाच्या ५ टक्के. म्हणजे फॉस्फेटमध्ये ± ०.०१५ पीपीएम धरा. आता वर्षानुवर्षं पाठ केलेलं लक्ष्य आहे "०.०३ च्या आत". तुमच्या यंत्राने ०.०३ दाखवलं तर खरं मूल्य ०.०१५ असेल किंवा ०.०४५ असेल. काचेवर बोटाचा ठसा राहिला तर आणखी तिसरंच. या आकड्याच्या चढउतारावर लोक रात्री झोपत नाहीत आणि सकाळी उठून आणखी दोन चमचे दाणे ओततात. वजनकाट्यावर पाव किलो इकडेतिकडे झालं म्हणून जेवण सोडणाऱ्यातला हा प्रकार.

आणि मोजता काय? पाण्यातलं. फॉस्फेट राहतं कुठे? खडकात! ज्या गुणामुळे फॉस्फेट चुन्याच्या स्फटिकाला चिकटतं, त्याच गुणामुळे ते टाकीतल्या खडकावर आणि वाळूवर साठतं. पाण्यातलं वाढलं की खडक थोडं उचलून घेतो, कमी झालं की थोडं परत देतो. खडक म्हणजे बँक आणि पाणी म्हणजे खिसा. खिसा रिकामा केला म्हणजे दिवाळं निघालं असं नाही, आणि खिसा भरला म्हणजे श्रीमंतीही नाही. जुन्या, भरपूर खाल्लेल्या खडकांच्या टाकीत जीएफओ लावला, की आकडा दोन दिवस खाली जातो आणि आठवड्याने पुन्हा वर येतो. मग "मीडिया खराब निघाला" म्हणून दुकानदाराच्या नावाने खडे फोडायचे. अरे, खराब काही नाही, बँकेतून पैसे निघताहेत!

आता एक साधा हिशोब मांडतो. काकूलाही समजेल इतका सोपा आहे, आणि काकू भिशीचा हिशोब सांभाळते, तेव्हा तिला आमच्यापेक्षा लवकर समजेल. ३०० लिटर पाण्यात ०.०३ पीपीएम म्हणजे सगळ्या टाकीत मिळून फॉस्फेट किती? ९ मिलिग्रॅम. बस. आता चिमूट-दोन चिमूट सुकं खाद्य, एक ग्रॅम धरा. त्यात एक टक्का फॉस्फरस धरला तर १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. म्हणजे टाकीत जितकं असावं असं तुम्ही म्हणता, त्याच्या तिप्पट तुम्ही एका दिवसात स्वतःच्या हाताने घालता! त्यातलं काही माशांच्या हाडामांसात जातं, काही प्रवाळ घेतं, काही शेवाळ घेतं, काही स्किमरच्या फेसातून निघतं. या रोजच्या आवक-जावकीपुढे पाण्यातला तो ९ मिलिग्रॅमचा आकडा किती किरकोळ आहे बघा. मूळ प्रश्न आकड्याचा नाहीच. तो आहे, "कोण किती घालतं आणि कोण किती उचलतं?" असा.

हाच प्रश्न कोणाला नको असतो. कारण त्याचं उत्तर आपल्या सवयीत आहे. मासे काचेपाशी येऊन तोंड वासतात, आपल्याला माया येते, आपण आणखी एक चिमूट टाकतो. पाहुणे आले की त्यांना गंमत दाखवायला आणखी एक. ८० गॅलनमध्ये पंधरा मासे कोंबतो. स्किमरचा कप आठवडाभर धूत नाही. वाळूत साचलेला गाळ काढत नाही. हे सगळं बदलायला रोज थोडं थोडं लक्ष द्यावं लागतं. डबा विकत घेणं सोपं. डब्यावर लिहिलेलं असतं, 'फॉस्फेट काढतो', तो खरंच काढतो, आकडा खाली येतो, आपलं समाधान. पथ्य नको आणि गोळी हवी. आपल्या घरातल्या मधुमेहवाल्यांना हे काही नवीन सांगायला नको. (काका, रागावू नका हं :-) )

यात जीव जातात म्हणून मी एवढा तावातावाने लिहितोय. आमच्याच भागातल्या एका मराठी मित्राकडे हिरव्या ॲक्रोपोराचं एक झाड होतं. झाड म्हणतो, कारण बोटभर तुकड्यापासून सहा वर्षांत ते फुटभर रुंद झालं होतं. मित्राचं फॉस्फेट ०.१२ होतं आणि प्रवाळ सुखात होतं. दुकानातल्या एका जाणत्याने त्याला सांगितलं, शून्यावर आण, रंग आणखी खुलेल. त्याने डब्यावर लिहिलेली पूर्ण मात्रा एकदम भरली. चार दिवसांत आकडा ०.००. दुसऱ्या आठवड्यात रंग फिका झाला, तेव्हा जाणता म्हणाला, "बघ, पेस्टल शेड येतेय." तिसऱ्या आठवड्यात बुंध्यापासून मांस सुटायला लागलं. महिन्याने पांढरा सांगाडा उरला. काचेवर आणि वाळूवर मात्र तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर चढला. डायनोफ्लॅजेलेट्स. बाकीच्यांची स्पर्धा संपली की नेमके हेच माजतात, हा आमच्यातल्या पुष्कळांचा अनुभव आहे. मित्राने टाकी विकली. जाणता अजून दुकानात आहे आणि अजून तेच सांगतो.

दोष गंजाच्या दाण्यांचा नव्हता. सहा वर्षं ज्या जेवणावर तो प्राणी वाढला ते चार दिवसांत काढून घेतलं, हा दोष होता.

पुण्याहून मावसभाऊ विचारतो, "इकडे पण एक काढू या का अशी टाकी?" नाही रे बाबा. २००१ पासून भारतात चुन्याचा सांगाडा असलेली सगळी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. मला ते योग्यच वाटतं. इथे कायदा परवानगी देतो म्हणून प्रवाळ स्वस्त होत नाही. जो प्राणी एका देशात वाघाच्या बरोबरीने जपला जातो, तो दुसऱ्या देशात आकड्याच्या हौसेपायी मारायचा, हे मला पटत नाही.

"मग तू काय जीएफओ वापरतच नाहीस?" असं कोणीतरी म्हणणारच. वापरतो की. माझा विरोध मीडियाला नाही, शून्याला आहे. कधी आणि कसा वापरावा, तेही सांगतो.

फॉस्फेट खरोखर चढलं असेल, समजा ०.३-०.४ च्या पुढे गेलं आणि शेवाळ आवरेना, तर जरूर वापरा. वापरलेले जुने खडक आणले असतील तरी वापरा. पण सांगितलेल्या मात्रेच्या पाव भागापासून सुरुवात करा. दाणे आधी आरओच्या पाण्याने खळखळून धुवा, नाहीतर टाकीत गेरू कालवल्यासारखं होतं. पाणी इतकंच सोडा की वरचे दाणे जरा हलतील. उकळायला लागले तर एकमेकांवर घासून त्यांची भुकटी होते. दर दोन-तीन दिवसांनी मोजा आणि आकडा हळूहळू, आठवड्यांच्या हिशोबाने उतरू द्या. पाण्याची अल्कलिनिटीही मोजत राहा, कारण ताजा जीएफओ सुरुवातीला तीही खाली ओढतो. मीडिया संपला की नाही हे डब्यावरच्या तारखेवरून ठरवू नका. नळकांड्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं फॉस्फेट मोजा. ते टाकीइतकंच असेल तर दाणे भरले. ०.१ च्या आसपास आलात की नळकांडं बंद करा. हो, बंद करा. काढून, धुऊन, फडताळात ठेवा.

ॲल्युमिनियम ऑक्साइडचे पांढरे गोळे मिळतात, तेही चालतात, पण ते लावल्यावर कातडी प्रवाळं मिटून बसतात ही तक्रार जुनी आहे. तलावांसाठी वापरतात ते लँथॅनम तर आणखी जोरकस. फॉस्फेटशी मिळून त्याचा बारीक साका होतो. तो गाळणीत नीट पकडला नाही तर माशांच्या कल्ल्यांवर जातो. तेव्हा हौशी लोकांनी लांबच राहावं.

आणि रोजच्यासाठी? रोजच्यासाठी उचलणारे जीव ठेवा. बाजूच्या टाकीत केटोमॉर्फाचा हिरवा गुंता वाढवा आणि दर पंधरवड्याला मूठभर काढून फेका. त्याबरोबर नत्र आणि स्फुरद दोन्ही जातात, एकटं स्फुरद नाही. हाच मोठा फायदा. स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांनी शेवाळाच्या चटईवरून पाणी खेळवून आख्ख्या प्रवाळ-टाक्या चालवल्या, त्यामागे हेच तत्त्व होतं. त्याही आधी, १९६० च्या सुमाराला, जाकार्तातले ली चिन एंग नुसते जिवंत खडक, ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवत होते. त्यांच्याकडे ना मोजयंत्र होतं ना गंजाचे दाणे. मासे मोजके होते आणि निरीक्षण दांडगं.

आपणही तेवढं करू शकतो. प्रवाळाकडे बघा. संध्याकाळी त्याच्या सोंडा बाहेर येतात का? टोकं वाढताहेत का? रंग भरलेला आहे की धुतल्यासारखा? काच किती दिवसांनी पुसावी लागते? दोन-तीन दिवसांनी लागत असेल तर उत्तम. पंधरा दिवसांत एकदाही लागली नाही तर मी घाबरेन, तुम्हीही घाबरा.

शून्यवाद्यांनी खुशाल भांडावं, मी तयार आहे. फक्त येताना तुमच्या मोजयंत्राची अचूकता वाचून या, आणि दिवसाला किती ग्रॅम खाद्य घालता ते वजन करून या. माझं कालचं माप ०.०८. सात मासे, एक ग्रॅमच्या आत खाद्य, नळकांडं मार्चपासून फडताळात.